बिनकागदाची हजेरी

फेएटव्हिलमध्ये केस कापायचं दुकान चालवायचं तर कलेची हौस घरी ठेवून यावं लागतं. गावाला लागून छावणी, आणि छावणीत फॅशन एकच: कानावर साफ, टाळूवर बोटभर. गेली सव्वीस वर्षं मी एकच डोकं भादरतो आहे, खालचे चेहरे तेवढे बदलतात. या कामात चूक काढायला जागाच नाही, असं मी समजत होतो. मग सार्जंट मेजर हर्शेल ऑक्सेंडाइन निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आले आणि माझा तो समज दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दुरुस्त होऊ लागला.

उंची पाच फूट पाच इंच. डोक्यावर केस सगळे मिळून साठ-सत्तर असतील, पण त्यांची रांग सरळ हवी. आरशात बघत ते माझ्या हाताला हुकूम सोडायचे.

"डावीकडचा एक मागे राहिलाय, क्लेटन."

"सार्जंट मेजर, तो केस नाही. ती सुरकुती आहे."

"मग तिलाही ओळीत आण."

आवाज मात्र देवानं एखाद्या सहाफुटी माणसासाठी घडवलेला आणि घाईत यांच्या गळ्यात बसवलेला. ते मूळचे तासाभरावरच्या पेम्ब्रोकचे, 'लंबी' या मूळ अमेरिकी जमातीचे. लहानपणी नदीपलीकडच्या शेतातल्या भावांना जेवायला हाका मारून मारून तो गळा तयार झाला, असं त्यांच्या पत्नी सांगायच्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेली असली तरी, मिसच म्हणतात; त्यांना सगळं गाव मिस वर्डी म्हणतं. नवरा छावणीत पाचशे जणांना थरथर कापायला लावायचा आणि घरी आला की मिस वर्डी त्याला बूट दाराबाहेर काढायला लावायच्या.

"लग्नात पाद्र्यानं विचारलं," त्या एकदा माझ्या दुकानात सांगत होत्या, "या स्त्रीचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का? तर हा माणूस टाचा जुळवून ओरडला, 'हजर!' पाद्री माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पुढं चला फादर, याच्याकडून एवढंच मिळेल."

"हजर तर होतो ना?" खुर्चीतून सार्जंट मेजर म्हणाले.

"चाळीस वर्षांत तेवढा एकच दिवस."

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कोंबड्या होत्या अकरा. रोज संध्याकाळी खुराड्याचं दार लावण्याआधी एकेकीच्या नावानं हजेरी. आमच्या गल्लीचं म्हणणं असं की कोंबड्या 'ओ' द्यायच्या. मी स्वतः ऐकलेलं नाही. पण त्या आवाजात माझं नाव कोणी घेतलं असतं तर मीही दिली असती, कोंबडी असतो तरी.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण हजेरी हा त्यांच्या आयुष्याचा खेळ नव्हता. तेच एक काम होतं.

इथल्या छावणीत एक तुकडी आहे, खास कामगिऱ्यांवर जाणाऱ्यांची. तिच्यातला माणूस सकाळी दात घासून बाहेर पडतो आणि कुठं गेला ते बायकोला ठाऊक नसतं. गेलाच, तर कशानं गेला ते आईला कळत नाही. येते ती एक पेटी, तिकोनी घडी घातलेला झेंडा आणि दोन ओळींचं पत्र: पूर्वेकडच्या एका देशात, कामगिरीवर असताना. त्या पेटीपुढं तुकडी रांगेत उभी राहते आणि शेवटची हजेरी होते. आधी दोन-तीन जिवंत जवानांची नावं पुकारायची. ते 'हजर, सार्जंट मेजर!' म्हणून ओरडतात. मग गेलेल्याचं नाव. एकदा हुद्दा आणि आडनाव. थांबायचं. मग पहिलं नाव जोडून. थांबायचं. मग मधल्या नावासकट पूर्ण. आणि पुन्हा थांबायचं. जिवंतांना आधी पुकारतात ते एवढ्यासाठीच, की नंतरची शांतता ऐकू यावी. या कामाचा नियम एकच आणि तो कुठं लिहिलेला नाही: गेलेल्याच्या नावाला कोणी ओ द्यायची नाही.

आता मधल्या नावाची गंमत अशी की आमच्याकडे ते फक्त आई वापरते, आणि तीही भडकल्यावर. एरवी पोरगा बॉबी असतो. त्यानं शेजाऱ्याची काच फोडली की मग तिन्ही नावं एका दमात अंगणात येऊन पडतात आणि बॉबीला कळतं, आज आपली धडगत नाही. सार्जंट मेजरांनी हे ओळखलं होतं. म्हणून तुकडीतला पोरगा गेला की ते स्वतःच्या गाडीनं त्याच्या आईकडे जायचे, कितीही लांब असो. स्वयंपाकघरात बसायचे आणि म्हणायचे, "बाई, त्याचं पूर्ण नाव घेऊन माझ्यावर रागवा. त्याच्यावर रागवायचात तसं." आया आधी गोंधळायच्या. मग रागवायच्या. मग टेबलावर डोकं टेकायच्या. सार्जंट मेजर तोवर तो सूर गिरवत बसायचे, आईनं मान डोलावेपर्यंत.

"कागद का नाही घेत हातात?" मी एकदा विचारलं होतं.

"तुझी आई कागदात बघून रागवायची का?"

अशी एकतीस नावं त्यांच्या गळ्यात जमली. निवृत्त झाल्यावरही दर मे महिन्यात, शेवटच्या सोमवारी येणाऱ्या शहीद स्मृतिदिनाच्या आधीच्या गुरुवारी, माजी सैनिकांच्या सभागृहामागच्या अंगणात ती पुकारायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. तिथं एक काळा दगड आहे. त्यावर एकतीस नावं, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं.

त्यातलं सातवं नाव स्टाफ सार्जंट कॉर्विन एमस ट्रेडवे. त्याची आई मिस ओपल दर वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणीच्या गावाहून चौदा तास बसनं यायच्या. ऑक्सेंडाइनांकडे उतरायच्या, हजेरी ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत. नवरा खाणीत गेलेला, दुसरं मूल नाही. बाई सडपातळ, बोलणं कमी, पर्समध्ये कायम पेपरमिंटच्या गोळ्या. सार्जंट मेजरांचे ते साठ-सत्तर केस कापून होईपर्यंत माझ्या दुकानात त्या खिडकीजवळ बसून असायच्या.

एका वर्षी त्यांनी आपण होऊन सांगितलं. कॉर्विनची पेटी आली ती बंद. न उघडलेली बरी, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

"मी ऐकायला नको होतं, क्लेटन," त्या म्हणाल्या. "नाही बघितलं की संशय घरी येतो रे, भाकरी भाजताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. म्हणतो, ओपल, तू बघितलंस कुठं? नावांची अदलाबदल झाली असेल. कुठंतरी अडकला असेल. सहा महिने मी दाराला कडी लावत नव्हते."

"मग?"

"मग मे आला आणि इथं दगडापुढं हर्शेलनं हजेरी घेतली. पेटीपुढची मला ऐकूच गेली नव्हती." त्यांनी आरशातल्या सार्जंट मेजरांकडे बोट केलं. "हा आवाज आहे ना, हा कॉर्विनला झोपेतून उभा करायचा. त्यानंच लिहिलं होतं मला. तो जिथं कुठं असता तिथून ओरडला असता. तीन हाकांना उत्तर आलं नाही, तेव्हा मला कळलं. ती शांतता मला वर्षभर पुरते बघ. मे आला की संपत येते."

म्हणून त्या यायच्या. फुलं, झेंडे, भाषणं यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांना हर्शेल ऑक्सेंडाइनची हाक हवी होती आणि तिच्यामागून कोणीही न बोललेलं हवं होतं.

दगडापुढं ज्या तिघा जिवंतांची नावं आधी पुकारली जात, त्यांत पहिला डेक्स फॉन्टेनो. लुईझियानाचा. तुकडीतून बाहेर पडल्यावर त्यानं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. कॉर्विनचा तो जिगरी दोस्त. कॉर्विनला पहाटेच्या हजेरीला वेळेवर यायची सवय नव्हती. गावात एक दंतवैद्याकडे काम करणारी मुलगी होती, तिच्या घरून तो धावत यायचा. तोवर त्याच्या नावाला मागच्या रांगेतून डेक्स आवाज बदलून 'हजर' म्हणायचा.

"तुम्हाला कळायचं नाही?" मी सार्जंट मेजरांना विचारलं होतं.

"लुईझियानाचा पोरगा वेस्ट व्हर्जिनियाचा हेल काढतो, ते कळायला कान लागतात का? पण हाक मारल्यावर कोणीतरी दोस्तासाठी तोंड उघडतंय ना, मग ठीक. कोणीच नाही उघडलं तर मात्र तुकडी संपली."

आजार कधी सुरू झाला ते नेमकं कोणाला सांगता येणार नाही. एका शुक्रवारी केस कापून झाल्यावर सार्जंट मेजर दारात उभे राहिले ते राहिलेच. मला वाटलं, हवा बघतायत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "क्लेटन, माझं घर कुठल्या हाताला?" मी हसलो. मला वाटलं, थट्टा. ते हसले नाहीत. मी दुकान उघडं टाकून त्यांच्याबरोबर चार घरं चाललो आणि वाटेत आम्ही दोघंही गवताच्या उंचीबद्दल बोललो.

मग मिस वर्डींना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली, भेंडीच्या लोणच्याशेजारी. मग एक दिवस कोंबड्यांना त्यांनी शर्टाची बटणं टाकली. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. सफरचंद, टेबल आणि काहीतरी तिसरं. सार्जंट मेजरांना एकही आठवेना. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी डॉक्टरांना एकतीस नावं ऐकवली, हुद्द्यासकट, मधल्या नावांसकट. बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले म्हणे.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी मिस वर्डींना विचारलं.

"म्हणाले, शब्द तीनच होते."

आमच्या हसण्याला तेव्हा अजून जागा होती. पण पुढच्या वर्षभरात ती आक्रसत गेली. चमच्याला काय म्हणतात ते येईना त्यांच्या लक्षात, धाकट्या बहिणीचं नाव गेलं, रविवार गेला. एप्रिलमध्ये डेक्स पुठ्ठ्याची कार्डं घेऊन आला. ठळक अक्षरांत एकतीस नावं.

"नुसती खिशात राहू द्या, सार्जंट मेजर. बघू नका त्यांच्याकडे."

सार्जंट मेजरांनी कार्डं उलटसुलट केली. "फॉन्टेनो, तुला तुझ्या आईचं नाव आठवायला कार्ड लागतं?"

"नाही, सार्जंट मेजर."

"मग मला माझ्या पोरांची आठवायला का लागेल?"

डेक्स कार्डं घेऊन परत गेला. मिस वर्डींनी स्वयंपाकघरात रोज परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मक्याची भाकरी थापता थापता त्या नुसतं 'अकरावा' म्हणायच्या आणि दुसऱ्या खोलीतून अकराव्याचं पूर्ण नाव यायचं. 'एकोणिसावा.' यायचं. महिनाभरात एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. मिस ओपलचा फोन आला, "वर्डी, खरं सांग, त्याला जमेल ना? मला दुसऱ्या कोणाचा आवाज नको गं. दुसऱ्या कोणाला कॉर्विननं उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ काही नाही." मिस वर्डी म्हणाल्या, ये तू. नावं पक्की आहेत.

नावं पक्कीच होती. गुरुवारी सकाळी सातला मी दुकान खास उघडलं. सार्जंट मेजर कडक इस्त्रीच्या पोशाखात खुर्चीत बसले आणि मी कात्री नुसतीच हवेत वाजवत असताना त्यांनी सगळी यादी म्हणून दाखवली. खिडकीशी मिस ओपल पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सातव्या नावाला त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. आम्ही सगळ्यांनी भीती एकाच दाराशी बसवून ठेवली होती, आणि ते दार पक्कं आहे बघून निर्धास्त झालो होतो.

दहा वाजता अंगणात खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेत गेलेल्यांच्या आया आणि दोघांच्या बायका. दगडाच्या डाव्या हाताला तुकडीतले जुने-नवे मिळून वीस जण ताठ उभे. सार्जंट मेजर पुढं आले, टाचा जुळल्या, आणि झाडावरची पाखरं उडावीत असा तो आवाज निघाला.

"सार्जंट फॉन्टेनो!"

"हजर, सार्जंट मेजर!"

आणखी दोघांची नावं झाली, दोघांनी उत्तरं दिली. मग दगडावरचं पहिलं नाव. तीन हाका, तीन शांतता. दुसरं. तिसरं. माझ्या शेजारी मिस वर्डी प्रत्येक मधल्या नावाबरोबर ओठ हलवत होत्या. चौथ्या नावापाशी मी पाहिलं, सार्जंट मेजर हाक मारल्यावर रांगेकडे बघतायत. एरवी ते समोर, दगडाच्या वर कुठंतरी बघायचे. पाचव्याला त्यांच्या कपाळाला आठी पडली. सहाव्याला ते पुढं झुकून, एकेक चेहरा शोधल्यासारखे, रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. सहा जणांच्या शांतता साचत गेल्या होत्या, आणि त्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात भलताच लागत होता.

"स्टाफ सार्जंट ट्रेडवे!"

शांतता.

"स्टाफ सार्जंट कॉर्विन ट्रेडवे!"

मिस ओपलनी डोळे मिटले.

"स्टाफ सार्जंट कॉर्विन एमस ट्रेडवे!"

हुबेहूब आई. रागावलेली, दारात उभी राहून शेतापर्यंत आवाज पोचवणारी. त्यामागून शांतता आली, हवी तशी, पुरेशी. आता आठवं नाव यायचं. आलं नाही.

"कॉर्विन एमस ट्रेडवे!" चौथ्यांदा.

मिस वर्डींनी माझा हात धरला.

"कुठं आहे हा?" सार्जंट मेजर रांगेवर कडाडले. "सात जण! सात जणांना हाक मारली, एकाचं तोंड उघडत नाही! काय चाललंय माझ्या रांगेत?"

एकही नाव ते विसरले नव्हते. त्यांची पोरं मेली आहेत, एवढंच विसरले होते.

रांगेतली नवी पोरं समोर बघत राहिली. सार्जंट मेजर चिडलेले आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते, त्याची आम्हाला सवय होती. घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांचे हात विजारीच्या शिवणीवरून सुटले.

"विमान उभं आहे," ते म्हणाले, आणि आवाज आता कोणाही म्हाताऱ्याचा होता. "त्यांना सोडून जायचं का मी? फॉन्टेनो! ट्रेडवे कुठंय?"

डेक्सचं तोंड उघडलं आणि मिटलं. गालावरून पाणी ओघळत होतं, पण मान ताठ.

"पोरा," सार्जंट मेजर दगडाकडे नाही, रांगेकडे नाही, कुठंतरी मध्येच बघून म्हणाले, "कॉर्विन एमस. अरे, ओ दे रे."

"हजर, सार्जंट मेजर!"

डावीकडून आलं. वेस्ट व्हर्जिनियाचा हेल काढलेला, तरुण, धापा टाकणारा आवाज.

मिस ओपल वळल्या. नुसती मान नाही. खुर्चीच्या पाठीला धरून अख्ख्या वळल्या, अर्ध्या उठल्या, आणि त्यांचा चेहरा मला समोरून दिसला. तो चेहरा मी कोणाला सांगू शकणार नाही. बायकोला सांगायचा प्रयत्न केला, नाही जमला. फार वेळ नाही, एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढाच. मग त्यांना डेक्स दिसला, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेला.

सार्जंट मेजरांनी मात्र मोठा श्वास सोडला. "उशीर केलास," ते म्हणाले. "उभा राहा रांगेत." आणि आठव्या नावासाठी छाती भरली. तोवर मिस वर्डी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या.

"चल हर्शेल. सुट्टी झाली."

"अजून खूप जण यायचेत, वर्डी."

"जेवल्यावर."

उरलेली चोवीस नावं कोणीच घेतली नाहीत. बिगूलवाल्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं बिगूल वाजवला. आठव्याची आई टेक्सासहून आली होती. ती खुर्चीत तशीच बसून राहिली, आपली पाळी यायची आहे असं समजून.

डेक्स मिस ओपलसमोर येऊन उभा राहिला. सहाफुटी माणूस, पण शाळेत उभा केल्यासारखा.

"मिस ओपल, तोंडातून निघून गेलं. त्यांचे हात बघवेनात. आणि त्याच्या नावाला... मला सवय होती हो. त्याला वाचवायची."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या. "त्यानं लिहिलं होतं. डेक्स आहे म्हणून माझी नोकरी आहे, आई." त्यांनी त्याच्या कोटाची सुटलेली गुंडी लावली. "पण बाळा, ती शांतता मी अकरा वर्षं जपली होती रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बसला सोडायला ऑक्सेंडाइनांकडे गेलो. ओसरीवर मिस वर्डींनी कोलार्डची पालेभाजी आणि मक्याची भाकरी मांडली होती, आणि कोणी ताटाला हात लावलेला नव्हता.

"काल संध्याकाळी सांगितलं मी त्याला," मिस वर्डी दारातच मला म्हणाल्या. "एकेकाचं नाव घेऊन रडला. एकतीस वेळा, क्लेटन. सकाळी उठला आणि इस्त्रीचा शर्ट मागितला. ट्रेडवेला बोलावणं पाठव म्हणतो. पुन्हा सांगू? रोज सांगू?"

तेवढ्यात सार्जंट मेजर बाहेर आले. दाढी गुळगुळीत, शर्टाची घडी सुरीसारखी. मिस ओपलना पाहून ते अदबीनं थांबले.

"बाई, तुम्ही ट्रेडवेच्या आई ना?"

"हो."

"अभिमान बाळगा. काल एवढ्या जणांना हाक मारली. तुमचा तेवढा एकच हजर होता."

मिस वर्डी म्हणाल्या, "हर्शेल, बस, जेवून घे." ते बसले नाहीत. मिस ओपलनी हातातली बॅग खाली ठेवली. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचा हक्क होता. त्यांनी सार्जंट मेजरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, पोरगा शेजारच्या गावी राहत असल्यासारखं, विचारलं, "कसा दिसत होता?"

सार्जंट मेजरांनी विचार केला. खोटं बोलणारा माणूस विचार करत नाही. ते खरंच आठवत होते.

"बारीक झालाय. केसही वाढलेत. क्लेटनकडे पाठवतो त्याला."

"जेवत नसेल वेळेवर."

"मी बघतो, बाई. काळजी करू नका. काही निरोप द्यायचाय?"

मिस ओपलनी बॅग पुन्हा उचलली. "नाही," त्या म्हणाल्या. "मी येऊन गेले म्हणावं."

गाडीत त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली आणि बाहेर बघत बसल्या. पुलाखालून जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून नाही यायची मी."

"डेक्सला माफ करा, मिस ओपल. गाढव आहे तो."

"त्याच्यावर राग नाही माझा. अरे, मी इथं शांतता ऐकायला यायचे. ती ऐकली की वर्षभर दाराला कडी लावता यायची. आता आले तर मी कान देऊन बसेन. कोणीही हाक मारू दे, मी आपली कान देऊन बसेन."

मी गाडी बसस्थानकाकडे वळवली.

बस आधीच येऊन उभी होती. सुट्टी संपवून छावणीत परतणारी पोरं उतरत होती, पाठीवर पिशव्या, डोळ्यांवर झोप, सगळ्यांची डोकी सारखी. मिस ओपल दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक पोरगा पायरीवरून खाली येई आणि त्या त्याचा चेहरा बघत. पहिला. दुसरा. चौथ्यानं त्यांना 'नमस्कार, मॅडम' म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि पाचव्याकडे पाहिलं. शेवटचा उतरला, तरी त्या दाराला हात लावून आत वाकून बघत राहिल्या.

"चढायचंय ना, बाई?" चालकानं विचारलं.

"आत अजून कोणी राहिलंय का?"

त्यानं मागं वळून रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली.

"कोणी नाही. एवढेच होते."

मग त्या चढल्या.